रक्ताची साक्ष



मृगाचा पाऊस पडून जातो, गोदावरीला नवें गढूळ पाणी येतें, आणि आपल्या परभणी जिल्ह्यांत तापाचे दिवस सुरू होतात. ते दिवाळीपर्यंत पुरतात. ह्या काळांत गंगाखेड, पूर्णा, जिंतूर, कोठल्याहि गांवच्या दवाखान्याच्या बांकावर घटकाभर बसून पहावें. पुष्कळांच्या हातांत एक घडी घातलेला कागद दिसतो. तो रक्ताच्या तपासणीचा कागद, आणि तो ज्यांच्या हातीं असतो त्यांच्या तोंडीं बहुधा एकच वाक्य असतें : "टायफॉईड निघाला."

ह्या "निघाला" शब्दासंबंधींच मला आज बोलावयाचें आहे. नांगर चालतांना जमिनींतून दगड निघावा, तसा रक्तांतून रोग निघतो अशी आपली समजूत झालेली आहे. वस्तुतः आपण रक्त तपासावयास देतों तेव्हां बहुतेक वेळां रोगजंतु कोणी पाहातच नाहीं. जंतु शरीरांत शिरल्यावर शरीरानें जी हालचाल केली तिच्या खुणा रक्तांत उमटतात, आणि त्या खुणा मोजल्या जातात. चोर कोणी पाहिलेला नसतो. कुत्रीं भुंकलीं, दिवे लागले, शेजारी जागे झाले, एवढेंच समजतें. ही साक्ष निरुपयोगी नव्हे. पण ती कशाची साक्ष आहे हें ओळखल्याशिवाय तिच्यावरून निकाल दिला, तर शिक्षा भलत्यालाच होते. आणि येथें शिक्षेचें साधन म्हणजे प्रतिजैविक औषध.

प्रतिजैविकांची गोष्ट अशी आहे कीं, तीं जितकीं अधिक वापरावीं तितकीं बोथट होतात. विषमज्वराचाच इतिहास पहा. १९४८ सालीं क्वालालंपूर येथें क्लोरँफेनिकॉल हें औषध ह्या रोग्यांना देऊन पाहण्यांत आलें, आणि तीन-चार आठवडे घरांत ठाण मांडून बसणारा मुदतीचा ताप कांहीं दिवसांत उतरूं लागला. १९७२ सालीं केरळांत त्या औषधाला न जुमानणाऱ्या विषमज्वराची सांथ आली. पुढें सिप्रोफ्लॉक्सॅसिन आलें. आज भारतांत सांपडणारे विषमज्वराचे बहुतेक जंतु त्यालाहि पूर्वीसारखी दाद देत नाहींत. सिंध प्रांतांत २०१६ पासून असा विषमज्वर पसरला कीं, त्यावर सेफ्ट्रायॅक्झोनचें इंजेक्शनहि चालेना, आणि तोंडानें घ्यावयाच्या औषधांत अॅझिथ्रोमायसिन हेंच काय तें हातीं उरलें. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला, त्या काळीं पेनिसिलिन मिळत नाहीं ही अडचण होती; आतां मिळालेलें औषध लागू पडत नाहीं, ही अडचण आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळें २०१९ ह्या एका वर्षांत जगांत सुमारें १२ लाख ७० हजार माणसें दगावलीं, असा अंदाज २०२२ सालीं प्रसिद्ध झाला आहे.

तेव्हां कोणत्या तापाला प्रतिजैविक द्यावें, कोणत्याला देऊं नये आणि दिलें तर केव्हां थांबवावें, हे प्रश्न घरोघरचे आहेत. रक्ताच्या खुणा त्यांत कितपत मदत करतात, तें पाहूं.

प्रथम आपल्या ओळखीचा साक्षीदार बोलावूं. विडाल तपासणी ही १८९६ सालची. रक्त गोठल्यावर वर जी पिवळसर निवळ राहते, ती विषमज्वराच्या रोग्याची असली तर त्या रोगाच्या जंतूंत मिसळतांच जंतूंच्या गुठळ्या होतात, असें पॅरिसचे डॉक्टर फर्नांड विडाल ह्यांनीं दाखविलें. निवळ पातळ करीत जावयाचें, आणि कितपत पातळ केल्यावरहि गुठळ्या होतात तें पाहावयाचें. कागदावर १:८०, १:१६० असे जे आंकडे असतात ते ह्या पातळपणाचे.

ही तपासणी सव्वाशें वर्षें टिकली ती स्वस्त आणि सोपी म्हणून. परंतु गुठळ्या करणारें द्रव्य शरीर तयार करतें तें ताप सुरू झाल्यावर सुमारें आठवड्याभरानें. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं काढलेल्या रक्तांत तें सांपडूं नये हेंच रास्त. सांपडलें, तर तें बहुधा जुनें असतें : पूर्वी कधीं येऊन गेलेल्या विषमज्वराचें, त्या कुळांतल्या दुसऱ्या एखाद्या जंतूचें, किंवा जुन्या पद्धतीच्या टोंचणीचें. ज्या मुलुखांत हा रोग वर्षानुवर्षें नांदतो आहे, तेथें धडधाकट माणसांच्या रक्तांतहि तें थोडेंफार असतेंच. हिंवतापांतहि कधीं कधीं तें वाढलेलें दिसतें. म्हणून शास्त्राची आज्ञा अशी आहे कीं, आज एकदां रक्त घ्यावें आणि आठ-दहा दिवसांनीं पुन्हां घ्यावें. आंकडा चौपट झाला तर त्या साक्षीला वजन आहे. हें दुसरें रक्त देतो कोण? तोंवर ताप उतरलेला असतो, मजुरी बुडालेली असते, आणि तालुक्याचें गांव दूर असतें. मीं दुसऱ्या विडालचा कागद क्वचितच पाहिला आहे. पहिल्या रक्ताचा एकच आंकडा घेऊन निकाल देणें, हें मला शास्त्राच्या नांवावर चाललेलें शकुन पाहणें वाटतें.

नवी मुंबई महानगरपालिकेनें २०१८ सालीं मुलांना विषमज्वराची नवी लस टोंचण्याची मोहीम काढली. सार्वजनिक आरोग्यखात्यामार्फत ही लस देण्याची अशी मोहीम जगांत प्रथमच निघत होती. त्या लसीचा गुण आला कीं नाहीं हें ठरवितांना तपासणाऱ्यांनीं विडालचे कागद मोजले नाहींत. त्यांनीं आजारी मुलांच्या रक्तांतून प्रत्यक्ष जंतु वाढवून पाहिले. जेथें खरोखरच जाणून घ्यावयाचें असतें तेथें कोणता साक्षीदार बोलावितात, हें ह्यावरून ध्यानीं यावें.

जंतु वाढवून पाहण्याच्या ह्या पद्धतीला कल्चर म्हणतात. मोठ्या माणसाचें आठ-दहा मिलिलिटर रक्त पोषक द्रवाच्या बाटलींत घालून ऊबेंत ठेवावयाचें. दोन ते पांच दिवसांत जंतु वाढले, तर त्यांचें नांवहि कळतें आणि कोणतें औषध त्यांना मारतें हेंहि कळतें. विषमज्वरांत ह्या पद्धतीनेंहि दहांपैकीं सुमारें चार रोग्यांत जंतु हातीं लागत नाहींत. आणि रक्त काढण्यापूर्वीच प्रतिजैविकाच्या दोन-चार गोळ्या पोटांत गेल्या असतील, तर हातीं न लागण्याचा संभव आणखी वाढतो. औषधाच्या दुकानांतून "तापाचा कोर्स" घेऊन, तो निम्मा संपल्यावर तपासणीला येणें ही आपल्याकडची रीत आहे. चोर पळवून लावल्यावर पंचनामा करावयाचा, तसें तें होतें.

पण तीन दिवस कोण थांबणार? रोगी समोर तापानें फणफणतो आहे, बाहेर नातेवाईक उभे आहेत. ह्या घाईच्या वेळेसाठींच रक्तांतल्या दुसऱ्या खुणांचा शोध झाला.

त्यांतली सर्वांत जुनी आणि स्वस्त खूण म्हणजे पांढऱ्या पेशींची संख्या. ती साधारणपणें एका घन मिलिमीटरांत ४,००० ते ११,००० असते. पू करणाऱ्या जंतूंच्या आजारांत बहुधा वाढते, डेंग्यूंत कमी होते. विषमज्वर हा जंतूंचा रोग खरा, पण त्यांत ती पुष्कळदां वाढत नाहीं, उलट उतरते; म्हणून एवढ्याच आंकड्यावर भिस्त ठेवणारा तेथें फसतो. जातां जातां एक सांगतों. डेंग्यूच्या दिवसांत "पांढऱ्या पेशी कमी झाल्या" असें जें गांवोगांव ऐकूं येतें, तें बहुतेक वेळां प्लेटलेटविषयीं असतें. प्लेटलेट ह्या पांढऱ्या पेशी नव्हत. दोहोंचे आंकडे कागदावर वेगळ्या ओळींवर असतात, आणि त्यांचे अर्थहि वेगळे.

दुसरी खूण सी.आर.पी. ह्या नांवानें आतां सर्वांना परिचित आहे. २०२० आणि २०२१ च्या कोविडच्या सांथींत तिचा आंकडा घरोघर तोंडपाठ होता. तिचा जन्म १९३० सालचा. न्यू यॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत टिलेट आणि फ्रान्सिस हे दोघे संशोधक न्यूमोनियाच्या रोग्यांचें रक्त तपासीत होते. न्यूमोनियाच्या जंतूच्या अंगांतला "सी" नांवाचा अंश रोग्याच्या निवळींत टाकला कीं सांका बसे. रोगी बरा झाला कीं बसेनासा होई. तो सांका पाडणारें प्रथिन म्हणजे सी.आर.पी. तें जंतूचें नव्हे, आपल्याच यकृतानें केलेलें. शरीरांत कोठेंहि दाह झाला कीं सहा-आठ तासांत तें वाढूं लागतें, दोन दिवसांच्या सुमारास शिखर गाठतें, आणि दाहाचें कारण निवळलें कीं सुमारें एकोणीस तासांत निम्मे ह्या वेगानें उतरतें. निरोगी माणसांत तें लिटरमागें ५ ते १० मिलिग्रॅमांच्या आंत असतें. जंतूंच्या मोठ्या आजारांत शंभराच्या वर जातें. कांहीं प्रयोगशाळा तें लिटरमागें सांगतात, कांहीं डेसिलिटरमागें. त्यामुळें एकाच रक्ताचा आंकडा एके ठिकाणीं ६० आणि दुसऱ्या ठिकाणीं ६ दिसतो, आणि "दोन दिवसांत उतार पडला" म्हणून पेढे वांटले जातात. आंकड्याशेजारचें माप अवश्य वाचावें.

समजा, सेलूच्या एका शिक्षकांना चार दिवस खोकला आणि ताप आहे. छातींत घरघर आहे, पण श्वास लागत नाहीं, जेवण थोडेंफार जातें. डॉक्टरांच्या मनांत शंका असते : विषाणूचा खोकला असेल तर प्रतिजैविक व्यर्थ, न्यूमोनिया असेल तर न देणें घातक. ब्रिटनमध्यें २०१४ सालीं अशा रोग्यांसाठीं शिफारस झाली ती अशी : सी.आर.पी. वीसच्या आंत असल्यास सरसकट प्रतिजैविक देऊं नये, शंभराच्या वर असल्यास द्यावें, आणि मधल्या आंकड्यांत चिठ्ठी लिहून ठेवावी पण बिघडल्यासच औषध आणण्यास सांगावें. ही मधली वाट मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे डॉक्टर आणि रोगी दोघांनाहि तिची संवय नाहीं.

हें केवळ विलायतेंतच चालतें असें कोणी म्हणेल. व्हिएतनामांत खोकल्या-पडशाच्या रोग्यांवर, प्राथमिक आरोग्यकेंद्रांतच, हा प्रयोग झाला. तो २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. बोटाच्या रक्ताच्या थेंबावर तेथल्या तेथें सी.आर.पी. पाहिली, तेव्हां शेंकडा ७८ ऐवजीं ६४ रोग्यांनीं प्रतिजैविक घेतलें, आणि त्यामुळें रोगी अधिक दिवस आजारी राहिले नाहींत. ब्रिटनमध्यें २०१९ सालीं दम्यासारख्या जुनाट फुप्फुसविकाराच्या रोग्यांत हेंच प्रमाण ७७ वरून ५७ वर आलें. तरी व्हिएतनामचा दुसरा आंकडाहि लक्षांत घ्यावा : शेंकडा चौसष्टांनीं औषध घेतलेंच. कागद सांगतो आणि माणूस आपल्याच मनासारखें करतो, ही गोष्ट कोणत्याहि देशांत सारखीच.

तिसरी खूण प्रोकॅल्सिटोनिन. हें मूळचें कंठग्रंथींतल्या एका अंतःस्रावाचें पूर्वरूप. निरोगी माणसाच्या रक्तांत तें जवळजवळ नसतेंच. जंतूंचा जोराचा हल्ला झाला कीं शरीरांतल्या जागोजागच्या पेशी तें सोडूं लागतात, आणि तीन-चार तासांतच आंकडा हलतो. विषाणूच्या आजारांत मात्र शरीर जें इंटरफेरॉन तयार करतें, त्यानें त्याला आळा बसतो. जंतूंच्या गंभीर आजारांत असलेल्या मुलांच्या रक्तांत तें फार वाढतें, हें पॅरिसच्या संशोधकांनीं १९९३ सालीं दाखविलें. तें मोजण्याचें साधन बाजारांत आणण्यांत बर्लिनजवळच्या एका जर्मन कंपनीचा मोठा वांटा आहे. जगांत जर्मनी आणि भारतांत परभणी असें आपण अभिमानानें म्हणतों. येथें तरी जर्मनीचा माल परभणीच्या कामीं यावा! पण तो महाग आहे. सी.आर.पी.च्या कित्येक पटींनीं त्याला पैसे पडतात, म्हणून तें कोठें खर्चावें हें ठरविलें पाहिजे.

माझ्या मतें प्रोकॅल्सिटोनिनचा खरा उपयोग औषध सुरू करण्यापेक्षां थांबविण्यांत आहे. नेदरलँड्समधील पंधरा रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत दीड हजारांहून अधिक रोग्यांवर झालेला प्रयोग २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. आंकडा शिखरापासून शेंकडा ऐशींनीं उतरला, किंवा मिलिलिटरमागें अर्ध्या नॅनोग्रॅमावर आला, कीं औषध थांबवावें असा सल्ला तेथें दिला जाई. सामान्यतः सात दिवस चालणारें प्रतिजैविक पांच दिवसांत थांबलें. आणि २८ दिवसांतले मृत्यु वाढण्याऐवजीं शेंकडा २५ वरून २० वर आले. उलट, अमेरिकेंत २०१८ सालीं चौदा रुग्णालयांतल्या खोकल्या-दम्याच्या रोग्यांत ह्याच खुणेनें औषध सुरू करावें कीं नाहीं असें पाहिलें, तेव्हां कांहींच फरक पडला नाहीं : ४.२ दिवस आणि ४.३ दिवस. ब्रिटनमध्यें २०२४ सालीं झालेल्या मोठ्या प्रयोगांत प्रोकॅल्सिटोनिननें औषध थोडें लौकर थांबलें, पण तें एका दिवसाहूनहि कमी, सी.आर.पी.नें तेवढेंहि नाहीं. तेव्हां ही कांहीं जादूची कांडी नव्हे. पण दोन दिवसांचें प्रतिजैविक वांचणें ही आपल्या संसारांत लहान गोष्ट नाहीं. खासगी रुग्णालयांत दिवसाचें एक महाग इंजेक्शन म्हणजे कित्येक घरांत आठवड्याचा किराणा.

आतां ह्या साक्षीदारांच्या चुका. त्या आपल्याच हवामानांतल्या आणि आपल्याच रोगांतल्या घेतों.

वैशाखांत परभणीचा पारा ४४ अंशांच्या वर जातो आणि उष्माघाताचे रोगी येतात. अंग भट्टीसारखें तापलेलें, शुद्ध हरपलेली. आणि रक्तांत प्रोकॅल्सिटोनिन चढलेलें. जंतु एकहि नसतां तें चढतें. मोठी भाजणूक, मोठी शस्त्रक्रिया आणि तीव्र हिंवताप ह्यांतहि तें चढतें. नुकत्याच जन्मलेल्या मुलांत पहिले दोन दिवस तें स्वभावतःच वर असतें. आणि उलट पहा : क्षयरोग हा जंतूंचाच, आणि आपल्या देशांत घरोघर माहीत असलेला, पण त्यांत प्रोकॅल्सिटोनिन बहुधा खालींच राहतें. मर्यादेंत बांधलेल्या गळवांतहि तसेंच. तीन आठवड्यांचा खोकला आणि उतरणारें वजन असलेल्या माणसाला "खूण कमी आहे" म्हणून घरीं पाठविणें हा अनर्थ होय. त्याचा कफच तपासला पाहिजे.

शेतांत राबणाऱ्या लोकांनीं आणखी एक ताप ओळखावा. विदर्भांत २०१८ च्या पावसाळ्यांत स्क्रब टायफसची सांथ आली होती. गवत-झुडपांतल्या बारीक किडीच्या पिलांच्या चाव्यानें हा रोग होतो. त्यांत सी.आर.पी. वाढते, प्रोकॅल्सिटोनिनहि वाढूं शकतें. कागद म्हणतो जंतु आहेत, आणि तें खोटें नाहीं. पण नेहमींचें सेफ्ट्रायॅक्झोन त्या जंतूला लागत नाहीं, डॉक्सिसायक्लिन हें साधें, स्वस्त औषध लागतें. कांखेंत, जांघेंत, कमरेच्या पट्ट्याखालीं काळी खपली असलेला लहानसा डाग हा येथें सर्वांत मोलाचा पुरावा, आणि तो दिसतो रोग्याचे कपडे उतरवून पाहणाऱ्या डॉक्टरला. प्रयोगशाळेला तो दिसत नाहीं.

डोळ्यांनीं पाहण्याची गोष्ट निघाली म्हणून गडचिरोलीची हकीकत सांगतों. १९९० नंतरच्या दशकांत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या "सर्च" संस्थेनें ३९ खेड्यांत नवजात मुलांची घरोघर काळजी घेण्याचें काम चालविलें. प्रयोगशाळा नाहीं, रक्ताची खूण नाहीं. गांवातल्याच शिकविलेल्या स्त्रीनें पाहावयाचें : मूल दूध ओढणें कमी झालें काय, रडणें क्षीण झालें काय, हातपाय लुळे पडले काय, अंग थंड लागतें काय, छाती आंत ओढली जाते काय. अशा ठरविलेल्या लक्षणांपैकीं दोन एकत्र दिसलीं कीं जंतुदोष समजून, मातापित्यांच्या संमतीनें, जेंटामायसिनचें इंजेक्शन व तोंडानें दुसरें औषध द्यावयाचें. १९९९ सालीं "लॅन्सेट"मध्यें ही हकीकत प्रसिद्ध झाली. त्या गांवांतले नवजात मुलांचे मृत्यु, शेजारच्या गांवांच्या तुलनेनें, शेंकडा ६२ नीं घटले होते. रक्ताच्या खुणा नकोत असा ह्याचा अर्थ करूं नये. तान्ह्या मुलाच्या बाबतींत रक्ताच्या कागदाची वाट पाहत बसण्याइतका वेळ नसतो, आणि नीट निवडलेलीं लक्षणें हीहि खूणच आहे, हें मात्र त्यावरून दिसतें. तान्हें मूल दूध पीत नसेल, मोठ्या माणसाला धाप लागली असेल, शुद्ध जात असेल, लघवी बंद झाली असेल, तर कोणत्याहि आंकड्यासाठीं न थांबतां रुग्णालय गांठावें आणि तेथले डॉक्टर प्रतिजैविक देतील तें तत्काळ घ्यावें. खुणा उपयोगी पडतात त्या धडधाकट चालत आलेल्या तापकऱ्याला, आणि पुढें, बरा होऊं लागलेल्या रोग्याला.

शहरांतल्या शिकलेल्या कुटुंबांकडून मला विशेष अपेक्षा आहे ती ह्यासाठीं कीं, आजकाल डॉक्टरकडे न जातांहि आपणच रक्त देऊन येतों. "फीव्हर पॅनेल" म्हणून दहा-बारा तपासण्यांची एक मोळी मिळते. तींत कांहींना कांहीं तरी वांकडें निघतेंच, आणि मग त्या वांकड्याला औषध शोधीत आपण दुकानांत जातों. डॉक्टरला तपासणीपूर्वीं एकच प्रश्न विचारावा : ह्या आंकड्यानें तुमचा बेत बदलणार आहे काय? आंकडा कांहींहि आला तरी औषध तेंच द्यावयाचें असेल, तर रक्त कशाला काढावयाचें? आणि आंकडा कमी आला तर प्रतिजैविक न घेतां दोन दिवस थांबावयाची आपली तयारी नसेल, तर तोच प्रश्न आपल्यालाहि लागू आहे. दुसऱ्या दिवशीं पुन्हां दाखवावयास या, असें सांगणारा डॉक्टर आपल्याला कांहीं दिलें नाहीं, असें म्हणूं नये. त्यानें आपला वेळ दिलेला असतो.

आणि मोठा आजार असेल तेव्हां, पहिलें इंजेक्शन टोंचण्यापूर्वी कल्चरसाठीं रक्त घेतलें काय, हेंहि विचारावें. बाटली नांदेडला किंवा छत्रपति संभाजीनगरला जावयाची असली तरी ती आधीं भरून ठेवतां येते. त्याला पांच मिनिटें लागतात. घरीं एक साधी वही असावी. तापाची तारीख, औषधाचें नांव, पहिली गोळी किंवा पहिलें इंजेक्शन किती वाजतां दिलें, रक्त किती वाजतां काढलें, एवढें तींत लिहावें, आणि प्रत्येक तपासणीचा कागद तींतच ठेवून नव्या डॉक्टरकडे जातांना ती वही बरोबर न्यावी. सी.आर.पी. ९० हा आंकडा पहिल्या दिवशींचा असला तर त्याचा अर्थ एक, आणि १८० वरून उतरत तिसऱ्या दिवशीं आलेला असला तर अगदीं निराळा. आणि तो कोणत्या दिवशींचा हें कागदावरून नेहमींच कळतें असें नाहीं.